पट्ट्याला तेल लागू नये

माझी पाळी चुकल्याचं घरात सर्वांत आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. आमच्याकडे ते लपत नाही. आमच्या गावात, शेणव्यात, बाईला पाळीत वेगळं बसवण्याची रीत आमच्या घरापुरती तरी कधीच संपली. मी त्या दिवसांत स्वयंपाक करते, पाणी भरते, शहापूरला वर्तमानपत्राच्या कामाला जाते. फक्त देव्हाऱ्याला हात लावत नाही. तेवढे दिवस सकाळचा दिवा सासूबाई लावतात. त्यामुळे दिवा कोणी लावला यावरून माझ्या शरीराची खबर घरातल्या प्रत्येकाला मिळते, आणि त्यावर कोणी काही बोलत नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी मी दिवा लावून वळले, तर त्या दारात उभ्या होत्या.

"लय दिस झालं गो, दिवा तूच लावतेस."

"हो."

"मंग गेली का तुजी?"

मी काही बोलले नाही. त्यांनी तोच होकार धरला. जवळ येऊन माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "सुटलीस बाय. या साली घटाला तू बस. माज्या डोल्यांना आता वात दिसत नाय."

नवरात्रात आमच्या घरी घट बसतो. त्याच्याशेजारचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही, आणि तो पाळी बंद झालेल्या बाईनेच राखायचा, असा घराचा नियम आहे. सासूबाईंनी तो त्यांच्या सासूकडून घेतला होता. आता तो माझ्याकडे येणार होता. त्यांच्या दृष्टीने ही बढती होती.

मी सत्तेचाळीस वर्षांची होते. पाळी कायमची गेलेली असू शकत होती. दिवस गेलेले असू शकत होते. यांपैकी काय खरं, हे मला माहीत नव्हतं. आणि दुसरी शक्यता मुळात आहे, हे घरात माझ्याखेरीज फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं.

दोन मुलं झाल्यावर मी तांबी बसवून घेतली होती. गावातल्या माझ्या वयाच्या बहुतेक बायकांनी ऑपरेशन करून घेतलं. मी तेव्हा ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते आणि सुट्टी मागायचा कंटाळा केला. नवऱ्याच्या नसबंदीचा विषय आमच्या घरात निघाला नाही. कोणी नको म्हटलं असं नाही. तो निघालाच नाही. तांबीची मुदत संपल्यावर शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी ती काढली. पाळी पुढेमागे होतेय, आता नवी नको वाटत असेल तर काही काळ कंडोम वापरा, म्हणाल्या. आम्ही वापरू लागलो.

मग कोरडेपणा सुरू झाला. हा शब्द मी नंतर शिकले. त्या वेळी माझ्याकडे त्यासाठी शब्द नव्हता, फक्त आग होती. दुपारची वेळ आमची. सासूबाई नाचणीच्या वावरात गेल्या किंवा देवळात भजनाला बसल्या की घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन नाशिकला, मुलगा कामाला पुण्यात. बऱ्याच वर्षांनी एवढं रिकामं घर मिळालं होतं, आणि त्याच सुमारास मला दुखू लागलं. मी दोन-तीनदा टाळलं. नवऱ्याने एकदा विचारलं, "माझं काय चुकतंय का?" मी म्हटलं, "तुमचं नाही, कोरडं पडतंय." तो उठला आणि फळीवरची बाटली घेऊन आला.

त्या बाटलीत मोहाच्या बियांचं तेल असतं. पावसाळ्याच्या तोंडाला बिया वेचायच्या, वाळवायच्या, घाण्यावर नेऊन तेल काढून आणायचं. थंडीत ते तुपासारखं थिजतं, एरवी पिवळसर, घट्ट. भाजीला तेच, दिव्याला तेच, बाळाच्या अंगाला, टाचेच्या भेगांना, सासूबाईंच्या गुडघ्यांना, बैलाच्या खांद्याला तेच. या घरात कशावर काय लावायचं, हा प्रश्न पडत नाही. बाटली घ्यायची. आम्ही घेतली. दुखणं थांबलं.

कंडोम फाटला. नवरा म्हणाला, उपकेंद्रातला फुकटचा माल, जुना असेल. शहापूरहून महागाचं पाकीट आणलं. त्यातलाही एक फाटला. तेव्हा तो म्हणाला, "कंपन्या पण आता काय माल बनवतात." आम्ही हसलो. या वयात काय होणार, असं मी म्हटलं की त्याने, हे आता आठवत नाही. दोघांपैकी कोणी तरी म्हटलं आणि दुसऱ्याने मान डोलावली.

सासूबाई बोलल्या त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. बातमी लिहायला बसले की चौथ्या ओळीला उठायची. तांदळाचा कणगा झाडून काढला, दोन दिवसांनी परत झाडला. फाट्यावर बसची वाट पाहत उभं राहण्याऐवजी पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायची, आणि मागून आलेली बस मला ओलांडून जायची. संध्याकाळी मुलीचा फोन यायचा. तिकडे तिची सासू तिला "काही विशेष?" असं विचारू लागली होती. ती वैतागून मला सांगायची आणि मी फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालायची. तिच्याआधी माझंच विशेष निघालं तर तिला कोणत्या वाक्यात सांगायचं, हे मी मनात लिहून पाहायची. एकही वाक्य छापण्याजोगं होईना.

वैशाखरे गावात एक काम होतं. माळशेजच्या रस्त्यावर पर्यटकांना काकड्या आणि भाजलेली कणसं विकणाऱ्या बायकांवर लिहायचं होतं. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले, प्रश्न विचारले, वही काढली, परत ठेवली.

"बस की गो ताई," कणीस फिरवणारी एक म्हणाली. "कवापासून उबी हाय. तुला काय मुंग्या चावतात?"

"बसते."

"आन कनीस खा. तोंड बघ कसं उतरलंय. पोटूशी बाई दिसतेस."

सगळ्या हसल्या. तिने थट्टाच केली होती. माझे पांढरे केस तिला दिसत होते. मी कणीस घेतलं आणि ते पूर्ण खाल्लं नाही.

परतताना मुरबाडला उतरले. शहापूरचा औषधवाला माझ्या बातम्या वाचतो, भेटला की चर्चा करतो. मुरबाडला मला कोणी ओळखत नव्हतं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तिन्ही पुरुष. ती जाण्याची मी वाट पाहिली. दोन गेली, आणखी दोन आली.

"बोला काकू," दुकानदार म्हणाला.

"गर्भचाचणीचं किट द्या."

"सुनेसाठी?"

"द्या तुम्ही."

"पहिलटकरीण आहे का? मग सांगा तिला, सकाळची पहिली लघवी घ्यायची. दोन रेघा आल्या की पेढे." त्याने किट वर्तमानपत्रात गुंडाळलं. आमचं नव्हतं. "आणि काकू, तिला म्हणावं जड काही उचलू नको."

बाजूच्या माणसाने माझं अभिनंदन केलं. मी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी केली. एकच रेघ आली. पट्टी उजेडात धरली, तिरकी धरली, कागदात गुंडाळून ठेवली, परत काढून पाहिली. डेस्कवर आम्हाला शिकवलं होतं की एकाच सूत्रावर बातमी चालवायची नाही. मी शहापूरला डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की मला तो कळला नाही.

"काय लावता?"

"म्हणजे?"

"कोरडेपणा असेल ना? तुमच्या वयात पाळी जायला लागली की असतो. तो काही आजार नाही, बाईची इच्छा नसते असंही नाही. पण दुखतं. मग दुखू नये म्हणून काय लावता?"

"तेल."

"कुठलं?"

"मोहाचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, कंडोम रबराचा असतो. रबराला तेल लागलं की ते कमकुवत होतं. मोहाचं घ्या, खोबरेल घ्या, लोणी, अंगाला लावायचं क्रीम, ओठांना लावायची जेली, सगळी एकाच माळेची. वरून काही दिसत नाही. पण थोड्याच वेळात ते फाटण्याजोगं होतं. पाण्यावर बनवलेलं वंगण वेगळं मिळतं, नळीत. सिलिकॉनचंही चालतं. ते कंडोमला काही करत नाही."

"हे कोणी सांगितलं नाही मला."

"मी तरी कुठे सांगितलं? कंडोम वापरा म्हटलं आणि पुढची पेशंट बोलावली." त्यांनी पेन परत उचललं. "फाटला त्याच दिवशी यायला हवं होतं. त्यासाठी गोळी असते. जेवढी लवकर घ्याल तेवढी उपयोगी. आता तिची वेळ गेली."

"आता काय?"

"चाचणी आज नाही म्हणते. आठ दिवसांनी परत करा. हो आली तर लगेच इथे या. काय करायचं ते तुम्ही ठरवा, ठेवायचं नसेल तर लवकरच्या दिवसांत गोळ्यांनीही होतं आणि कायद्यात बसतं. पण दुकानातून आणून घरी घ्यायच्या नाहीत."

"आणि नाहीच आली, आणि पाळीही नाही आली, तर?"

"तर पाळी गेली असं धरू नका. ती जाते, येते, सहा महिने दडी मारते. पन्नाशीच्या आत असाल तर सलग दोन वर्षं आली नाही की मग साधन सोडायचं."

"दोन वर्षं?"

"घाई आहे का?"

"मला नाही. माझ्या सासूबाईंना आहे."

घटाची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोरडेपणावर औषधही आहे, ते नंतर बघू. आधी ही भानगड निस्तरू दे."

नवऱ्याची भाताची गिरणी गावाच्या टोकाला आहे. मी बसमधून उतरून थेट तिकडेच गेले. सुगीला अजून वेळ होता, गिरणी बंद होती, आणि तो पट्ट्याचा सांधा जोडत बसला होता. मोटरपासून गिरणीच्या चाकापर्यंत जाणारा तो रबरी पट्टा. या पट्ट्यावर त्याचा जीव आहे. कोणी तेलाचा डबा हातात घेऊन आत आला तर तो आतूनच ओरडतो, "डबा भायेर! पट्ट्याला तेल लागू नये." लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे वाक्य ऐकत होते.

मी उभ्या उभ्याच त्याला सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेवढंच, त्याच क्रमाने. तेल शब्दावर त्याचे हात थांबले. त्याने पट्टा मांडीवरून खाली ठेवला. हात फडक्याला पुसले. ते कोरडेच होते, तरी पुसत राहिला.

"रबर फुगतं," तो म्हणाला. "मग सरकतं. मग सांध्यातून फाटतं."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला."

"पट्ट्याचं माहीत होतं."

मला हसू यायला हवं होतं. बाहेर कोणी तरी शेळ्या हाकत होतं. मी दार लोटून घेतलं.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आठ दिवस."

"घट त्याच्या आधी बसतोय."

"हो."

"आईला काय सांगायचं?"

"काय सांगाल?"

त्याने पट्टा उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, "ती नळी काय म्हणालीस, ती मी आणतो. तू जाऊ नको." चप्पल घालून तो शहापूरला जायला निघाला. आत्ताच्या आत्ता तिची काही गरज नव्हती, पण त्यालाही कुठे तरी जायचं होतं.

आला तो वैतागलेला. "जेल द्या म्हटलं तर तो म्हणतो, गुडघ्याला का? म्हटलं, नाय, गुडघे ठीक आहेत. मग म्हणतो, दाढीचं? सगळ्यांसमोर सांगावं लागलं शेवटी."

"काय सांगितलंत?"

"कंडोमबरोबर चालतं ते, पाण्याचं. तो म्हणतो, मग असं बोला ना शेट." त्याने नळी माझ्या हातात दिली. "एक म्हातारा होता तिथं. तो विचारत होता, चांगलं असतं का म्हणून."

नळी मी कपाटात साड्यांखाली ठेवली. त्या दिवसांत आम्ही एकमेकांना शिवलोही नाही.

घट बसला. मातीत धान्य पेरलं, त्यावर कलश, पहिली माळ. सासूबाईंनी माझ्या हातात काडेपेटी दिली आणि त्या मागे सरून खाटेवर बसल्या. मी वात लावली. तेल फळीवरच्याच बाटलीतलं. ओतताना धार वेडीवाकडी पडली.

"धार वाकडी का जाते गो?" त्यांनी विचारलं. वात न दिसणाऱ्या डोळ्यांना धार मात्र दिसली.

"पहिल्यांदाच आहे ना."

"सवय होईल. आता दर साली तूच."

घरच्या नियमाला एक पळवाट होती, हे मला दिव्याजवळ बसल्यावर सुचलं. दिवस गेलेल्या बाईलाही नऊ दिवसांत पाळी येत नाही. दिव्याचं काही बिघडलं नसतं. मी दोन्ही प्रकारे पात्र होते, आणि दोन्ही प्रकारे मला तिथे बसवत नव्हतं. मी सारखी उठत होते. तेल पाहायचं, काजळी झाडायची, दार लोटायचं, उघडायचं. मुलीने फोनवर दिव्याचा फोटो मागितला. मी तीन काढले, तिन्ही हललेले आले. शहापूरच्या ऑफिसमधून कणसाच्या बातमीची आठवण करून देणारा फोन आला. ती मी देव्हाऱ्यासमोर मोबाइलवर लिहून पाठवली. कोणत्याही बातमीत मी इतक्या चुका केल्या नव्हत्या.

ठरल्या दिवशी दुसरी चाचणी केली. एकच रेघ. नवऱ्याला खुणेनं सांगितलं. तो गिरणीवर गेला आणि बऱ्याच दिवसांनी तिथून मोटरीचा आवाज आला. चालवायला भात नव्हतं, नुसतीच फिरवत होता. आता प्रश्न एकच उरला होता, आणि त्याचं उत्तर कदाचित दोन वर्षं मिळणार नव्हतं. दोन वर्षं दर महिन्याला असंच अंगण मोजायचं का, असा विचार करत मी पाचवी माळ ओवायला बसले. दुपार होती. कंबर भरून आली होती. फुलं संपायच्या आधी मला कळलं की पाळी आली आहे.

मी फुलं तशीच ठेवून न्हाणीघरात गेले. आठवड्यांचा ताण सुटल्यावर माणसाचं काय होतं हे मी इतरांविषयी अनेकदा लिहिलं आहे. तिथे मी फक्त बादली भरून घेतली आणि हातपाय धुतले. मग लगेच दुसरी गोष्ट आठवली. बाहेर दिवा चालू होता, आणि तो मी राखत होते.

गप्प राहता आलं असतं. चार दिवसांचा प्रश्न होता, कोणाला कळलं नसतं. पण आमच्या घरात ती खबर दिवाच देत आला होता, आणि त्याच्या आडून खोटं सांगायचं माझ्या हातून झालं नसतं. मी सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले.

"आई, दिवा तुम्ही बघा."

त्यांनी मान वर केली. "आली?"

"आली."

मला वाटलं आता घट बाटल्याबद्दल ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "मंग बरं झालं."

"बरं?"

"तुला वाटतं मला कलत नाय? महिनाभर कुतरीसारकी आत-भायेर करतेस. कनगा दोनदा झाडलास." त्यांनी पदर सारखा केला. "माजी बी अशीच गेलती. सा म्हैने नाय आली. मी म्हनलं सुटले. सासूनं घटाला बसवली. आन शिमग्याला पोटात पोर."

माझा धाकटा दीर घरातल्या इतर भावंडांपेक्षा बराच लहान आहे. त्याचं कारण मी कधी विचारलं नव्हतं.

"लोकं लय हासली," त्या म्हणाल्या. "तुज्या नंदंला दाखवायला पावनं येनार आन मी पोट घेऊन बसलेली. तुज्या सासऱ्यांनी म्हैनाभर येशीपलीकडं तोंड दाखवलं नाय. म्हनून तुला इचारलं, गेली का. तू बोललीच नायस काय."

"मग तुम्ही घटाला का बसवलंत?"

"बसवली तर कलंल म्हनलं. आली तर उठशील, नाय आली तर डोल्यांसमोर तरी बसशील." त्यांनी हाक मारली, "ए, इकडं ये रे!"

नवरा ओटीवर सुपारी कातरत होता. आला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि त्याला कळलं. त्याच्या खांद्यांवरून काही तरी उतरताना मला दिसलं.

"दिवा तू बघ आता," सासूबाई म्हणाल्या.

"मी? पुरुषानं कुठं घट—"

"पुरुषाला पाली येते काय? मंग झालं. माजे डोले गेले, तिची आली, तूच उरलास. बस."

तो देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसला. गिरणी चालवणारा माणूस, पण वातीपुढे त्याला हात कुठे ठेवावे कळेना. त्याने बाटली उचलली, तेल ओतलं, जास्त ओतलं, ते समईच्या कडेवरून पाटावर आलं. बोटांनी ते निपटलं, बोटं एकमेकांवर चोळली.

मी उंबऱ्याबाहेर ओटीवर बसले. बऱ्याच दिवसांनी निवांत बसले होते. नाचणीच्या वावरात वारा होता. कपाटातल्या नळीची आठवण झाली, आणि तिचं पाकीट अजून उघडलेलंही नाही हेही.

थोड्या वेळाने तो उठला. गिरणीकडे कोणी तरी भाताचं पोतं घेऊन आलं होतं, हाका मारत होतं. तो चप्पल शोधत माझ्या शेजारी आला.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "हात धू रे आदी! तेलाचे हात घेऊन पट्ट्याला लावशील."

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी वावराकडे बघत राहिले. तो न्हाणीघरात गेला. साबण लावल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा, आणि मग पुन्हा साबणाचा.